विसार, गहाण आणि जामीन

घर विकत घेणें हा व्यवहार सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत बहुधा एकदांच घडतो. आणि जो व्यवहार एकदांच करावयाचा, त्यांतील शहाणपण तो उरकल्यानंतरच हातीं लागतें. धान्य, कापड, बैल यांच्या खरेदींत मनुष्य एका सालीं ठकला तर पुढच्या सालीं सावध होतो. घराच्या खरेदींत ही सोय नाहीं. म्हणून ज्या विषयांत स्वतःचा अनुभव उपयोगीं पडत नाहीं, त्यांत मागील पिढ्यांचा अनुभव विचारणें हाच एक मार्ग उरतो. घर घेतांना पदरचें किती द्यावें, कर्ज किती काढावें, आणि त्या कर्जास जामीन कोणी राहावें, हे तीन प्रश्न आज गोंदियाच्या शाळामास्तरासमोर किंवा भातगिरणींतील कारकुनासमोर उभे राहतात, तेव्हां ते त्याला अगदीं नवे वाटतात. डाऊन पेमेंट, मासिक हप्ता, गहाण-विमा हे शब्द नवे आहेत खरे. परंतु त्यांच्या आंतील वस्तु फार जुनी आहे, असें दाखविण्याचा आमचा येथें उद्देश आहे.

प्रथम धर्मशास्त्राकडे वळूं. याज्ञवल्क्यस्मृतींत, तारण ठेवून घेतलेल्या कर्जास दरमहा मुद्दलाचा ऐशींवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, इतकें व्याज सांगितलें आहे. तारण नसेल तर तेंच व्याज वर्णपरत्वें दरमहा शेकडा दोनांपासून पांचांपर्यंत चढतें. यांतील वर्णभेदाचा भाग आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु बाकीचें तत्त्व आजच्या पेढीच्या व्यवस्थापकालाही पटेल. धनकोची जोखीम जितकी कमी, तितकें व्याज कमी. त्याच स्मृतींत जामिनाचे तीन प्रकार दिले आहेत. ऋणको वेळेवर हजर राहील एवढेंच सांगणारा पहिला. तो विश्वासू आहे अशी ग्वाही देणारा दुसरा. आणि त्यानें न दिल्यास मी देईन असें म्हणणारा तिसरा. पहिले दोघे मेले तर त्यांच्या मुलांवर बोजा येत नसे. तिसऱ्याच्या मुलांस मात्र बापाचा शब्द पाळावा लागे. आजच्या गहाण-विम्याचा पूर्वज कोण असें कोणी विचारील, तर आम्ही या तिसऱ्या जामिनाकडे बोट दाखवूं. फरक इतकाच कीं, तो शेजारी किंवा सोयरा असे, आणि आजचा जामीन एक कंपनी असते.

आतां गोंदियाच्या भूमीवर येऊं. हा जिल्हा स्वतंत्रपणें अस्तित्वांत आला तो १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, त्यांत हा मुलूख गेला. भोसल्यांच्या काळीं गांवचा पाटील सरकारचा वसूल गोळा करून देणारा असे. गांव त्याच्या मालकीचा नसे. इंग्रजांनीं १८६० नंतरच्या जमाबंदींत याच पाटलांना व इजारदारांना मालगुजार म्हणून मालकी हक्क दिला. हेतु असा कीं, मालक झालेला मनुष्य जमिनीवर पैसा खर्च करील. परंतु मालकी मिळाली म्हणजे ती गहाण टाकण्याची मुभाही मिळते, ही गोष्ट कायदा करणारांच्या पुरती ध्यानांत आली नव्हती. जो हक्क विकतां येत नाहीं त्यावर सावकार पैसे देत नाहीं. जो विकतां येतो त्यावर तो मागेल तितके देतो. १८८० नंतरच्या दशकांत नागपुराहून छत्तीसगडाकडे रेल्वे गेली, वैनगंगेच्या खोऱ्यांतील भात दूरच्या बाजारांस जाऊं लागलें, पुढें जबलपूरकडे अरुंद रुळांचा फांटा निघून गोंदियास जंक्शन झालें. आणि जमिनीची किंमत चढली तशी कर्जेंही चढलीं. मग १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनीं त्या कर्जांची परीक्षा घेतली. पीक बुडालें तरी व्याज बुडालें नाहीं, आणि अनेक मालगुजारांचीं गांवें सावकारांच्या नांवावर चढलीं.

सरकारला यांतून जो धडा मिळाला तो त्यानें कायद्यांच्या रूपानें लिहून ठेवला. १८९८ व १९२० च्या कूळकायद्यांनीं कुळाच्या जमीन विकण्याच्या व गहाण टाकण्याच्या अधिकारास आळा घातला. १९१६ च्या कायद्यानें आदिवासींची जमीन इतरांच्या हातीं जाण्यास अडथळा केला. पुढें जगभर मंदी आली, भाताचे भाव कोसळले, तेव्हां मध्यप्रांतानें १९३३ सालीं कर्ज-समेटाचा कायदा केला, आणि हिंदुस्थानांतील इतर प्रांतांस तो कित्ता झाला. त्या कायद्यान्वयें समेट-मंडळें बसलीं. त्यांनीं धनको व ऋणको यांस समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम वाजवी करावी, आणि ती हप्त्यांनीं फेडण्याची सोय लावावी, अशी योजना होती. आज ज्याला मासिक हप्ता म्हणतात त्याची कल्पना या भागांत एका अर्थीं संकटांतूनच रुजली, असें म्हणावयास हरकत नाहीं. पूर्वींचा सावकार मुदत संपतांच सगळी रक्कम एकदम मागत असे. समेट-मंडळानें मात्र ऋणकोच्या वार्षिक प्राप्तीकडे पाहून फेड ठरविली. कर्ज तारणावर न बेततां मिळकतीवर बेतावें, हें त्यांतील खरें तत्त्व होतें.

या सर्व काळांत गहाणाचा सर्वसाधारण कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा होता, आणि तो अद्याप लागू आहे. त्यांत गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. ताबा न देतां केलेलें साधें गहाण, ताबा देऊन उत्पन्नांतून फेडावयाचें कब्जेगहाण, शर्तीच्या विक्रीचें गहाण, आणि घराचे कागद पेढींत ठेवून केलेलें गहाण, हे त्यांतील लोकांच्या ओळखीचे प्रकार. आजचीं बहुतेक गृहकर्जें या शेवटच्या प्रकारांत मोडतात. त्या कायद्याच्या साठाव्या कलमांत ऋणकोचा गहाण सोडविण्याचा हक्क आहे. पैसे देणें उशिरा झालें तरी, दरम्यान तो हक्क कायद्यानें संपविला नसल्यास, पैसे भरून वस्तु परत मागतां येते. एकदां गहाण तें सदा गहाण, त्याची आपोआप विक्री होत नाहीं. स्मृतीच्या मतें, कर्ज व्याजासह दुप्पट झालें आणि सोडविलें नाहीं तर साधें तारण ऋणकोच्या हातून जाई. या एका बाबींत नवा कायदा जुन्याहून दयाळू आहे, हें नमूद करणें न्यायाचें होईल. मात्र २००२ च्या कायद्यानें पेढ्यांना कोर्टांत न जातां, साठ दिवसांची नोटीस देऊन, थकलेल्या ऋणकोच्या घराचा ताबा घेण्याचा अधिकार दिला. आणि २०१६ च्या दुरुस्तीनें लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वींच पैसे भरले पाहिजेत असें ठरविलें. तेव्हां साठाव्या कलमाच्या भरंवशावर स्वस्थ बसण्याचे दिवस गेले आहेत.

शेताचें गहाण आणि घराचें गहाण यांत एक मूलभूत भेद आहे. शेत पिकतें आणि तें आपलें कर्ज आपण फेडूं शकतें. राहतें घर पिकत नाहीं. घराचें कर्ज फिटतें तें घरांत राहणाराच्या पगारांतून. या कारणानें आमच्याकडे घरासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज देणाऱ्या संस्था फार उशिरा निघाल्या. ह. ठा. पारेख यांनीं मुंबईत १९७७ सालीं एच. डी. एफ. सी. ही संस्था स्थापन केली, तेव्हां मध्यम वर्गाच्या पगारदारास पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीनें कर्ज देणें हें अनेकांस धाडस वाटलें. १९८८ सालीं राष्ट्रीय गृहनिर्माण बँक निघाली आणि अशा संस्थांचा विस्तार झाला. ती पहिली संस्था २०२३ सालीं आपल्याच बँकेंत विलीन झाली. परंतु तिनें घालून दिलेली पद्धत देशभर रूढ झाली आहे.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे येऊं. घराची सगळी किंमत कर्जानें मिळत नाहीं. कांहीं भाग पदरचा घालावा लागतो. यालाच डाऊन पेमेंट किंवा पेढीच्या भाषेंत मार्जिन म्हणतात. हा भाग म्हणजे विसार नव्हे, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. विसार, ज्यास कोणी इसार तर कोणी बयाणा म्हणतात, तो विकणाराला दिलेला शब्दाचा पुरावा होय. मार्जिन हा पेढीला दाखविलेला स्वतःच्या ऐपतीचा पुरावा होय. विसाराची रक्कम पुढें किंमतींत वळती होते, त्यामुळें ती मार्जिनांत धरली जाते. परंतु सौदा मोडल्यास काय, हा प्रश्न विसाराचा आहे. बांधकाम करणारानें लेखी व नोंदणी झालेल्या करारापूर्वीं किती रक्कम घ्यावी यास महाराष्ट्रांत १९६३ च्या कायद्यानें किंमतीच्या शेकडा वीस अशी मर्यादा घातली होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ती शेकडा दहावर आणली. तथापि पांचशें चौरस मीटरांपर्यंतच्या जागेवरील, किंवा आठांपर्यंत सदनिका असलेल्या, लहान बांधकामांस त्या कायद्याखालीं नोंदणीची सक्ति नाहीं; आणि लहान शहरांतील बांधकामें पुष्कळदां अशींच लहान असतात. म्हणून तेथें विसार देणारानें आपला करार आपणच नीट लिहून घेतला पाहिजे.

मार्जिन किती, याविषयीं रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे: तीस लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किंमतीच्या शेकडा नव्वदपर्यंत, त्यापुढें पंचाहत्तर लाखांपर्यंत शेकडा ऐशीं, आणि त्याहून मोठ्या कर्जास शेकडा पंचाहत्तर. याचा अर्थ गोंदियासारख्या ठिकाणीं सामान्य घरास निदान दहावा हिस्सा घरचा पाहिजे. त्यांतही मुद्रांकशुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः या किंमतींत धरीत नाहींत. फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरास ती सवलत आहे. तेव्हां वीस लाखांच्या घरास दोन लाख हातीं असले म्हणजे काम भागेल असें जो समजतो, त्याचा हिशोब दुय्यम निबंधकाच्या कचेरींत चुकतो.

दहावा हिस्सा द्यावा कीं पांचवा, यांतील अंतर आंकड्यांनींच समजेल. वीस लाखांचें घर आहे, व्याज दरसाल शेकडा नऊ आणि मुदत वीस वर्षें आहे, असें धरूं. दोन लाख पदरचे घालून अठरा लाख कर्ज घेतल्यास मासिक हप्ता सुमारें १६,१९५ रुपये येतो. चार लाख घालून सोळा लाख घेतल्यास सुमारें १४,३९६ येतो. महिन्याचें अंतर अवघें अठराशें रुपयांचें. परंतु वीस वर्षांत तें चार लाख एकतीस हजारांच्या वर जातें. जे दोन लाख आपण आरंभीं आणूं शकलों नाहीं, ते अशा रीतीनें दामदुपटीहून अधिक होऊन परत करावे लागतात. मुंबई इलाख्यांतील हिंदु ऋणकोस दामदुपटीचा नियम संरक्षण देत असे. येथें तो नियम नाहीं, आणि सावकाराच्या जागीं बसलेला आहे तो काळ. आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या महिन्याच्या १६,१९५ रुपयांपैकीं १३,५०० व्याजांतच जातात. मुद्दल फिटतें तें २,६९५ रुपये. या गतीनें अठरा लाखांचें कर्ज सोळा लाखांवर यावयास जवळ जवळ पांच वर्षें लागतात. हीं पांच वर्षें धनकोच्या दृष्टीनें फार नाजूक असतात. घराचे भाव पडले आणि त्याच वेळीं ऋणकोची नोकरी गेली, तर लिलावांत पुरी रक्कम येण्याची खात्री नसते. गहाण-विमा जन्मास आला तो या नाजूक वर्षांसाठीं.

त्याचा इतिहास अमेरिकेंत घडला. तेथें १९२० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहरांतील कांहीं कंपन्या गहाणांस हमी देत असत. मंदीच्या लाटेंत एकाच वेळीं असंख्य ऋणको थकले, तशा त्या हमी देणाऱ्या कंपन्याही बुडाल्या. १९३४ सालीं सरकारनें स्वतः गृहकर्जांचा विमा उतरण्यास आरंभ केला, आणि अल्प मुदतीच्या कर्जांच्या जागीं दीर्घ मुदतीचीं, हप्त्यांनीं फिटणारीं कर्जें आलीं. १९५७ सालीं मिल्वॉकी शहरांत मॅक्स कार्ल नांवाच्या वकिलानें खासगी गहाण-विम्याची कंपनी पुन्हां उभी केली. तेव्हांपासून तेथें रीत अशी पडली कीं, ज्याचा पदरचा हिस्सा पांचव्या भागाहून कमी, त्यानें सामान्यतः हा विमा घ्यावा. लोक कर्ज खालीं आलें तरी वर्षानुवर्षें विम्याचे हप्ते भरीत राहत, म्हणून १९९८ सालीं तेथील कायदेमंडळानें ठरविलें कीं, कर्ज घराच्या मूळ किंमतीच्या शेकडा ऐशींवर आलें म्हणजे ऋणकोस विमा बंद करण्याची मागणी करतां यावी, आणि शेकडा अठ्ठ्याहत्तरावर येण्याच्या ठरल्या तारखेस, हप्ते थकले नसल्यास, तो आपोआप बंद व्हावा. परंतु २००८ च्या सुमारास घरांचे भाव कोसळले तेव्हां या कंपन्यांवरही संकट आलें. त्यांतील एका मोठ्या कंपनीचें २०११ सालीं दिवाळें निघालें. एका गांवचें पीक बुडालें तर दुसरा गांव जामीन राहूं शकतो. सगळ्या परगण्याचें बुडालें म्हणजे जामीनही ऋणकोच होतो, हा दुष्काळांतला धडा अमेरिकेस दोनदां शिकावा लागला.

आमच्या देशांत ही गोष्ट विमा म्हणून आली नाहीं. ती जामीनकी म्हणूनच आली, आणि हें शब्दशः खरें आहे. रिझर्व्ह बँकेनें २००८ सालीं गहाण-हमी कंपन्यांसाठीं नियम केले; त्यांत ऋणको, धनको आणि हमी देणारी कंपनी यांचा त्रिपक्षी करार असावा, आणि तो १८७२ च्या करार कायद्यांतील जामीनकीचा करार समजावा, असें म्हटलें आहे. या नियमांखालीं २०१२ सालीं इंडिया मॉर्गेज गॅरंटी कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिच्या भागीदारांत राष्ट्रीय गृहनिर्माण बँकही होती. ऋणको थकला आणि कर्ज अनुत्पादित ठरलें, म्हणजे ही हमी धनकोच्या उपयोगीं पडते.

येथें वाचकांनीं एक मुद्दा मनांत पक्का ठसवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. ही हमी धनकोची आहे, ऋणकोची नव्हे. तिचें शुल्क धनको प्रत्यक्ष ऋणकोकडून घेवो अथवा व्याजांत मिसळून घेवो, शेवटीं तें घर घेणाराच्या खिशांतून जातें. आणि लाभ मात्र पेढीचा होतो. शिवाय करार कायद्याच्या एकशें चाळिसाव्या कलमाप्रमाणें, जामिनानें कर्ज फेडलें म्हणजे धनकोचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात. म्हणजे कंपनीनें पेढीला पैसे दिले, म्हणून आपलें कर्ज मिटलें असें नाहीं. फक्त दारांत उभा राहणारा बदलला. पेढीच्या टेबलावर याच सुमारास आणखी एक कागद पुढें केला जातो, तो ऋणकोच्या आयुष्याच्या विम्याचा. तो निराळा आहे. ऋणको मेल्यास त्यांतून कर्ज फिटतें आणि विधवा व मुलें घरांत राहतात. तो कुटुंबाचा खरा रक्षक होय. आग-पुराचा विमा तिसरा, तो भिंतींचा. तिन्हींस लोक एकाच नांवानें हांक मारतात, आणि ज्याचा उपयोग आपल्याला नाहीं त्याचे पैसे भरून, ज्याचा आहे तो सोडून देतात.

मग ही हमी निरुपयोगी म्हणावी काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्यापाशीं नियमित मिळकत आहे परंतु पांचवा हिस्सा साठलेला नाहीं, त्याला ती पांच-सात वर्षें आधीं घरांत प्रवेश मिळवून देऊं शकते. आणि तोंवर भरावें लागणारें भाडें वांचतें. दुसरें असें कीं, ती सोयऱ्याधायऱ्यांस जामीनकींतून सोडविते. सहकारी पतपेढ्यांचें कर्ज घेतांना दोन जामीनदार आणण्याचा अनुभव या जिल्ह्यांत घरोघर आहे. एकाचा हप्ता थकतो आणि दुसऱ्याच्या पगारांतून कापला जातो. मग दोन भाऊ एकमेकांच्या लग्नकार्यास जात नाहींत. स्मृतिकारांनीं तिसऱ्या जामिनाच्या मुलांवर बोजा टाकला, त्यांतून किती घरांत वैरें पिकलीं असतील, त्याची गणना कोणी केली नाहीं. माणुसकीच्या जागीं शुल्क आलें याची खंत वाटणारे पुष्कळ आहेत. परंतु शुल्क भरून भाऊ भाऊ राहत असेल, तर तें शुल्क महाग म्हणतां येत नाहीं.

खरा धोका दुसरीकडे आहे. पदरचा दहावा हिस्सा पदरीं नसला म्हणजे लोक बायकोचे दागिने गहाण टाकतात, किंवा खासगी सावकाराकडून हातउसने म्हणून दरमहा शेकडा तीन रुपयांनीं पैसे काढतात. भात पिकविणाऱ्या या मुलखांत सवाई-दिढीनें बियाणें घेण्याची रीत फार जुनी. त्याच संवयीनें मार्जिनाचे पैसेही काढले जातात. तीन रुपये शेकडा म्हणजे दरसाल छत्तीस. पेढीच्या व्याजाच्या चौपट. मार्जिनाचा अर्थच असा कीं, या मनुष्यानें मिळकतींतून कांहीं शिल्लक टाकून दाखविली आहे. तो हिस्सा कर्जानें उभा केला तर तो पुरावा खोटा ठरतो, आणि फसतो तो पेढीहून अधिक स्वतः ऋणकोच. अशापेक्षां दोन वर्षें भाड्याच्या खोलींत काढून शिल्लक टाकावी, अथवा शुल्क भरून उघडपणें हमी घ्यावी, हें शतपट बरें.

कागदांचा प्रश्नही येथें आहेच. विदर्भांतील शहरांत कित्येक घरें नझुलाच्या, म्हणजे सरकारी पट्ट्याच्या, जागेवर आहेत. कित्येक भूखंड भोगवटादार वर्ग दोनचे आहेत. आणि गांवठाणांतील घरांना पिढ्यान्‌पिढ्या लेखी पुरावाच नव्हता. त्यासाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं स्वामित्व नांवाची योजना काढून गांवठाणांची मोजणी करून मालमत्तापत्रकें देण्यास आरंभ केला. ज्याच्या घरास कागद नाहीं त्याचें घर गहाण राहत नाहीं, ही इतके दिवस एक गैरसोय होती. पण मालगुजारांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, ती एक ढालही होती. मालकीचा कागद हातीं येतांच त्याच्या मागोमाग गहाणखताचा कागदही येतो. १८६० नंतर पाटलांना मालकी मिळाली तेव्हां त्यांना कोणी हें सांगितलें नाहीं. आतां ज्यांना मालमत्तापत्रकें मिळत आहेत त्यांना तें सांगणें, हें शिकलेल्यांचें कर्तव्य आहे. घर घेण्यासाठीं घर गहाण ठेवणें शहाणपणाचें असूं शकतें. लग्नासाठीं अथवा जुनें कर्ज फेडण्यासाठीं राहतें घर गहाण टाकणें क्वचितच तसें असतें.

सारांश, पदरचा हिस्सा खरोखर पदरचा असावा. विसार लेखी कराराशिवाय देऊं नये. आणि जामीन कोणाचा आहे, आपला कीं धनकोचा, हें सही करण्यापूर्वीं विचारावें. गोंदिया जिल्ह्यानें गेल्या दीडशें वर्षांत गहाणापायीं गांवें गमावलेलीं पाहिलीं आहेत. त्या हानींतून आलेलें शहाणपण घरें मिळविण्याच्या कामीं यावें, एवढीच आमची इच्छा आहे.